सुटका एकट्याची की वस्तीची?

संकटात सापडलेल्या माणसाची गोष्ट कोणाला आवडत नाही? बर्फात कोसळलेले विमान, शत्रूच्या मुलखात अडकलेली सैनिकांची तुकडी, काळ्या पाण्यावरून पळणारा कैदी, असे काही हाती लागले की वाचकाचा चहा गार होतो आणि उतरायचे स्टेशन मागे पडते. आमचे मिरज तर रेल्वेचे जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारी वाटांच्या गाड्या इथे भेटतात. गाडीची वाट पाहत बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात पूर्वी एखादी जाडजूड अनुवादित कादंबरी असायची, आज मोबाईल असतो. पण मोबाईलवरही तो बहुधा युद्धाची नाही तर साहसाचीच मालिका पाहत असतो! माध्यम बदलले, भूक तीच राहिली.

या भुकेला नावे ठेवणारे विद्वान पुष्कळ आहेत. युद्धकथा, साहसकथा, रहस्यकथा म्हणजे हलके वाङ्मय, असा शेरा मारून ते मोकळे होतात. आम्ही त्या पंक्तीत बसणारे नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. शाळेने ज्याला पुस्तकाची धास्ती घातली होती, त्याला त्यांच्या झुंजारने आणि काळापहाडने पुस्तकाजवळ आणून बसवले. हे काम लहान नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. या कादंबऱ्यांचा साचा ठरलेला असतो : साधा माणूस आणि असाधारण संकट. यातला साधा माणूस म्हणजे नेमका कोण? आणि ते संकट असाधारण कोणाच्या हिशेबाने? ज्याच्या घरी दोन वेळा चूल पेटते, ज्याच्या अंगावर हात टाकायला कोणी धजत नाही, ज्याला पोलीस पाटील रामराम घालतो, त्याच्यावर एकदा संकट कोसळले तर ते असाधारणच म्हणायचे. पण ज्याच्या वस्तीत संकट रोज सकाळी हजेरी घ्यायला येते, त्याची गोष्ट साहसकथेत बसते की नाही? बसत नसेल तर दोष त्याच्या आयुष्याचा की साहसकथेच्या व्याख्येचा?

आम्ही पडलो वकील. पक्षकाराने हकिकत सांगितली की आम्ही ठरावीक प्रश्न विचारतो. तसेच तीन प्रश्न आम्ही या कादंबऱ्यांनाही विचारू इच्छितो. पहिला, संकट आणले कोणी? दुसरा, नायकाला पळून जाता येत होते का? आणि तिसरा, तो सुटला तेव्हा मागे कोण राहिले? या तीन प्रश्नांवर कोणतीही साहसकथा घासून पाहावी. सोने आणि पितळ वेगळे होते.

मराठी वाचकाच्या आवडीचे पुस्तक प्रथम घेऊ. रवींद्र गुर्जर यांनी मराठीत आणलेले ‘पॅपिलॉन’ कोणी वाचले नाही? हेन्री शॅरिअर या फ्रेंच माणसाला १९३१ मध्ये खुनाच्या आरोपावरून जन्मठेप झाली. खून आपण केला नाही, असे तो सांगत राहिला. त्याला दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गियानाच्या कैद्यांच्या वसाहतीत धाडण्यात आले. तिथून तो पुन्हा पुन्हा पळाला, पकडला गेला, अंधारकोठडीत कुजला, पण मोडला नाही. १९६९ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि जगभर गाजले. त्यातले किती त्याने स्वतः भोगले आणि किती इतर कैद्यांकडून ऐकले, यावर पुढे वाद झाला. म्हणून नाव आत्मकथेचे असले तरी आपण ते कादंबरीसारखे वाचावे हे बरे.

आता आमचे प्रश्न. संकट कोणी आणले? न्यायव्यवस्थेने. पळता येत होते का? येत नव्हते, तरी तो पळाला, आणि त्याच्या हिमतीला आमचा सलाम आहे. मागे कोण राहिले? त्या वसाहतीत सडणारे बाकीचे हजारो कैदी! नारळाच्या पोत्यावर बसून समुद्रात झोकून देणारा पॅपिलॉन डोळ्यांपुढे राहतो, बेटावर राहिलेले विस्मरणात जातात. त्याचे स्वातंत्र्य खरे होते, पण ते त्याच्या एकट्याचे होते.

गुर्जरांचाच दुसरा अनुवाद ‘सत्तर दिवस’. ही तर सत्य घटना. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेच्या रग्बी खेळाडूंना आणि त्यांच्या आप्तांना घेऊन निघालेले विमान अँडीज पर्वतात कोसळले. विमानात ४५ जण होते, त्यातले शेवटी १६ वाचले. अन्न नाही, कपडे नाहीत, भोवती नुसता बर्फ. मेलेल्या सोबत्यांचे मांस खाऊन जगण्याची वेळ आली. अखेर नँडो पराडो आणि रॉबर्टो कानेसा हे दोन तरुण पर्वत ओलांडून दहा दिवस चालत गेले. त्यांनी मदत आणली म्हणून मागे राहिलेले चौदा वाचले. इथे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलते. हे दोघे निघाले ते मागच्यांसाठी निघाले. मात्र संकट निसर्गाने आणले होते. पर्वताला कोणाशी वैर नसते, आणि पर्वत कोणाची जात विचारत नाही.

तिसरे उदाहरण अॅलिस्टर मॅक्लीन यांचे. अशोक पाध्ये यांच्यासारख्या अनुवादकांमुळे हे नाव मराठी वाचकाला परके राहिलेले नाही. मॅक्लीन दुसऱ्या महायुद्धात नौदलात खलाशी होते, पुढे शाळामास्तर झाले. त्यांची १९५७ ची ‘गन्स ऑफ नॅव्हरॉन’ घ्या. शेजारच्या बेटावर अडकलेल्या सैनिकांची सुटका शत्रूच्या दोन तोफांमुळे अडलेली असते. त्या निकामी करायला मूठभर माणसे उभा कडा चढून जातात. ही माणसे इतरांसाठी जीव धोक्यात घालतात, हे खरेच. पण त्यांच्या मागे सरकार आहे, नौदल आहे, खिशात हुकूम आहे. त्यांनी स्फोट केला तर ते शौर्य ठरते. सरकार पाठीशी असताना दाखवलेल्या धाडसाला पदक मिळते. सरकारच समोर उभे असेल तर त्याच धाडसाला काय मिळते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फ्रान्सला किंवा स्कॉटलंडला जाण्याची गरज नाही. आमच्या सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात वाटेगाव नावाचे गाव आहे. तिथे १ ऑगस्ट १९२० रोजी तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. पुढे जग त्यांना लोकशाहीर अण्णा भाऊ साठे म्हणून ओळखू लागले. शाळेचा संबंध दीड दिवसाचा. लहानपणी वडिलांबरोबर वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी प्रवास, मग हमाली, गिरणीतले काम, मिळेल ती मजुरी. दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरओळख झालेल्या या माणसाने मराठीला तीसहून अधिक कादंबऱ्या दिल्या. १८ जुलै १९६९ रोजी ते गेले, तेव्हा वय पन्नाससुद्धा नव्हते.

युद्धाचा विषयही अण्णा भाऊंना नवा नव्हता. व्होल्गा नदीकाठच्या स्टालिनग्राड शहरात १९४२ च्या उन्हाळ्यापासून २ फेब्रुवारी १९४३ पर्यंत हिटलरच्या फौजांशी जी लढाई झाली, तिच्यावर त्यांनी १९४३ मध्ये पोवाडा रचला. मुंबईच्या मजूरवस्तीत राहणाऱ्या, रणांगण कधी न पाहिलेल्या तरुणाला त्या परक्या शहरात काय दिसले असेल? तिथे ट्रॅक्टरच्या कारखान्यात, पोलादाच्या कारखान्यात, घराघरात आणि जिन्याजिन्यावर लढाई झाली होती. कारखाना वाचवायला कामगार लढत होता. गिरणीत राबलेल्या माणसाला दुसरा कामगार ओळखायला दुभाषा लागत नाही! पुढे १९६१ मध्ये अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले आणि त्यांनी त्या प्रवासावर पुस्तकही लिहिले.

त्यांची ‘फकिरा’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे. ती अर्पण केली आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. येथे वाचकांनी जरा थांबावे. तलवारीची, घोडदौडीची, खजिन्याच्या लुटीची कादंबरी, आणि अर्पण मात्र लेखणीला! बाबासाहेबांच्या नावापुढे तलवार ठेवण्याचा मोह अण्णा भाऊंना झाला नाही. लढाई कोणत्या हत्याराने पुढे न्यायची, हे त्यांनी पहिल्याच पानावर सांगून टाकले आहे.

कथानक थोडक्यात असे. फकिराचा बाप रणोजी मांग. शेजारच्या शिगावहून जोगणी आणली की जत्रेचा मान वाटेगावला मिळणार असतो. रणोजी एकटा जाऊन जोगणी आणतो आणि शिगावच्या खोताच्या हातून मारला जातो. पुढे तोच खोत जोगणी परत न्यायला येतो, तेव्हा फकिरा त्याला गाठतो. बापाचा खुनी समोर असतो, हातात तलवार असते. फकिरा त्याचा हात तोडतो, पण जीव घेत नाही. त्यानंतर येतो दुष्काळ. मांगवाड्यात पोरेबाळे अन्नावाचून मरू लागतात. त्यात सरकारने मांगांवर हजेरी बसवलेली. मजुरीला दूर जावे तर हजेरी चुकते, हजेरीला थांबावे तर चूल बंद राहते. गावचे विष्णुपंत कुलकर्णी मांगांच्या बाजूने उभे राहतात, पण एका भल्या माणसाने दुष्काळ हटत नाही. मग फकिरा धान्याचे साठे फोडतो आणि वस्तीला वाटतो. पुढे बेडसगावचा सरकारी खजिना लुटतो. आता त्याच्यामागे इंग्रज सरकार लागते.

सरकार त्याला पकडू शकत नाही. म्हणून सरकार काय करते? त्याच्या माणसांना पकडते. बायाबापड्या, म्हातारे, लेकरे कोंडून ठेवते आणि निरोप देते की तू हजर हो, नाही तर यांचे काय होईल ते बघ. फकिराला वारणेचे खोरे पाठ आहे, रान त्याचे आहे. तो पळून जाऊ शकतो. तो पळत नाही. तो स्वतःहून हजर होतो आणि फासावर जातो.

आता पुन्हा ते तीन प्रश्न. संकट कोणी आणले? दुष्काळाने निम्मे आणि कायद्याने निम्मे. पळता येत होते का? होय, येत होते. मागे कोण राहिले असते? सगळी वस्ती. म्हणून तो गेला नाही. पॅपिलॉनने तुरुंगातून बाहेर पडून माणूसपण सिद्ध केले. फकिराने तुरुंगाच्या दाराशी स्वतः चालत जाऊन तेच सिद्ध केले. दोघांच्या हिमतीत फरक नाही. फरक आहे तो सुटका कशाला म्हणायचे यात. ज्याला स्वतःचा वेगळा दाखला, वेगळे घर, वेगळे नशीब आहे, त्याची सुटका एकट्याची होऊ शकते. ज्याला सरकारने जमावाने गुन्हेगार ठरवले आहे, त्याला एकट्याने सुटताच येत नाही. तो सुटला तर मागच्यांच्या पाठीवर वळ उठतात!

कादंबरीतल्या हजेरीला कोणी कादंबरीकाराची कल्पना समजू नये. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. एखादी जमात गुन्हेगार आहे असे सरकारने एकदा जाहीर केले की त्या जमातीत जन्मलेल्यांची नावे नोंदवहीत चढणार, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागणार, परवान्याशिवाय गाव सोडता येणार नाही. १९११ मध्ये या कायद्याचा पल्ला सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढवण्यात आला, बोटांचे ठसे घेण्याची सोय झाली. १९२४ मध्ये तो नव्याने एकत्र करण्यात आला. वकील म्हणून आम्हाला त्यातली सर्वांत भयंकर वाटणारी तरतूद वेगळीच आहे. सरकारने काढलेल्या त्या जाहीरनाम्याची वैधता कोणत्याही न्यायालयाने तपासायची नाही, असे कायद्यातच लिहिले होते. खुन्याला वकील देता येतो, त्याचे अपील होते. पण जन्माने गुन्हेगार ठरलेल्याला दाद मागायला दारच ठेवले नव्हते. असा कायदा जिथे आहे तिथे साधा माणूस रोजच युद्धभूमीवर असतो. फरक इतकाच की त्या युद्धाचे बातमीपत्र निघत नाही.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये गेला आणि देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण कायदा गेला म्हणून नोंदवही मिटली काय? त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडे मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियम १९५९ चा, म्हणजे ‘फकिरा’ ज्या वर्षी निघाली त्याच वर्षाचा! एका हाताने हजेरीची गोष्ट लिहिली जात होती आणि दुसऱ्या हाताने तिची नवी वही शिवली जात होती. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत तर जातीवरून काम वाटण्याची आणि विमुक्त जमातींकडे संशयाने पाहण्याची कलमे थेट आपल्या काळापर्यंत टिकून होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. १८७१ आणि २०२४. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत कितीजणांचे आयुष्य त्या वहीत संपले असेल!

‘फकिरा’वर दोन आक्षेप घेतले जातात. त्यांचाही समाचार घेऊ. पहिला आक्षेप प्रस्थापितांचा. फकिरा फार उदात्त आहे, फार शूर आहे, घोडा काय, पिढीजात तलवार काय, सगळे अतिरंजित आहे म्हणे. आम्ही विचारतो, नॅव्हरॉनचा उभा कडा पावसात, रात्रीच्या अंधारात चढणारे वीर वास्तववादी आणि वाटेगावचा फकिरा तेवढा अतिरंजित? परक्या देशातल्या गोऱ्या नायकाने दहाजणांना लोळवले तर तुम्ही पान उलटता. मांगवाड्यातल्या नायकाने तेच केले की तुम्हाला वास्तववाद आठवतो. हा वाङ्मयाचा निकष नव्हे, ही जुनी सवय आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच चळवळीतला आहे आणि तो गंभीर आहे. रणोजीने जोगणीसाठी जीव का द्यावा? ज्या गावाच्या जत्रेसाठी तो मेला, त्या गावात त्याचे घर गावकुसाबाहेरच ना? देवीच्या मानापानासाठी बहुजनांच्या पोरांनी एकमेकांची मुंडकी मारायची, यात कसले शौर्य? आक्षेप रास्त आहे. पण कादंबरी पुढे वाचावी. बापाचे शौर्य जोगणीसाठी खर्ची पडले, मुलाचे शौर्य भाकरीसाठी खर्ची पडले. बाप गावाच्या इभ्रतीसाठी मेला, मुलगा वस्तीच्या जगण्यासाठी मेला. एका पिढीत एवढे अंतर कापलेले आहे! आणि तिसऱ्या पिढीचा रस्ता अर्पणपत्रिकेत दाखवलेला आहे, तो लेखणीचा. हा प्रवास ज्याला दिसला त्याला ‘फकिरा’ समजली. ज्याला फक्त तलवार दिसली त्याने ती अर्धीच वाचली.

आमच्या भागात अशा गोष्टींचा तोटा नाही. तोटा आहे तो लिहिणाऱ्यांचा. पुणे-मिरज हा एकच लोहमार्ग घ्या. त्यावर मसूर नावाचे स्टेशन आहे. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून चार मुले तिथे उतरली. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर होते, त्यांना भेटायला ती निघाली होती. घ्यायला कोणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच गाडीवाले गाडी देईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्र पडली. शिदोरी होती, पण पाणी कोणी देईना, म्हणून ती उघडता येईना. त्या मुलांतला एक होता नऊ वर्षांचा भीमराव. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. अनोळखी मुलूख, रात्र, तहान, आणि चार पोरे! साहसकथेला आणखी काय लागते? फक्त इथला शत्रू जर्मन नव्हता, तो टोलनाक्यावर बसलेला आपलाच माणूस होता.

त्याच मार्गावर पुढे शेणोली आहे. ७ जून १९४३ रोजी सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी तिथे अडवून लुटण्यात आली. ती लुटणारी तुफान सेना म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा सशस्त्र विभाग. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन रामचंद्र लाड हे तिचे पुढारी, आणि सैनिक कोण? कुंडल आणि आसपासच्या गावांतले शेतकरी, मजूर, शाळा सुटलेली पोरे. अजून पुढे भवानीनगर. नाना पाटलांची कन्या हौसाबाई यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथल्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे नाटक रचले. नवरा झालेला सहकारी त्यांना मारतो आहे, दगड उचलतो आहे, त्या आकांत करीत आहेत. पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातली हत्यारे पळवली. मॅक्लीनला सुचावी अशी ही युक्ती एका खेड्यातल्या तरुणीने प्रत्यक्षात आणली! हौसाबाई २०२१ मध्ये गेल्या. पी. साईनाथ यांनी २०२२ च्या आपल्या पुस्तकात स्वातंत्र्यलढ्यातल्या अशा पायदळाची नोंद इंग्रजीत करून ठेवली. मराठी कादंबरीकारांनो, ही माती तुमची आहे ना?

आमच्या मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांचे दप्तर उपसून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. मोठे काम, त्याला तोड नाही. पण त्यातली पत्रे सरदारांची आणि त्यांच्या कारकुनांची. छावणीत लाकडे फोडणारा, घोड्याला गवत आणणारा, मुडदे ओढणारा माणूस स्वतः पत्र लिहीत नव्हता. १९१७ मध्ये उभारलेली आणि १९२१ मध्ये मोडलेली महार पलटण, तिच्यातून घरी परत धाडलेला शिपाई, त्याची गोष्ट कोण लिहिणार? दप्तर ज्यांचे नाही त्यांचा इतिहास कादंबरीनेच सांगावा लागतो. म्हणून आमच्यासाठी कादंबरी ही करमणूक नाही, तो साक्षीपुरावा आहे.

आता ज्या कारणाने हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो. मिरजेच्या न्यायालयाच्या आवारात विशी-बाविशीची मुले आम्ही नेहमी पाहतो. कोणी वाढदिवसाला तलवारीने केक कापला, कोणी कोयता नाचवत चित्रफीत टाकली, आणि शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल झाला. घरी आई धुणीभांडी करणारी, बाप हमालीला. जामिनासाठी कानातले गहाण पडलेले. अशा एका मुलाला आम्ही विचारले, ‘बाळा, तुझा आदर्श कोण?’ तो छाती पुढे काढून म्हणाला, ‘फकिरा!’ ‘वाचला आहेस?’ ‘नाही साहेब, गाणी ऐकली आहेत.’

यात मुलाचा दोष किती आणि आपला किती? आपण त्याला १ ऑगस्टची मिरवणूक दिली, छाती दुखेल एवढा आवाज दिला, तलवार घेतलेले चित्र दिले. पुस्तक दिले नाही. त्याला कोणी सांगितले नाही की फकिराने हाती आलेल्या शत्रूचा जीव घेतला नाही. त्याला कोणी सांगितले नाही की त्याने लुटलेले धान्य मोजून वस्तीला वाटले, चौकात मिरवले नाही. आणि हे तर मुळीच सांगितले नाही की, वस्तीच्या जिवावर बेतले तेव्हा त्याने ती तलवार खाली ठेवली.

तलवारीच्या चित्रफितीची किंमत काय पडते, हे आम्ही रोज पाहतो. आधी एक गुन्हा, मग चॅप्टर केस, पूर्वीच्या फौजदारी संहितेच्या ११० कलमाखालची, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १२९ कलमाखालची. त्यानंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली तडीपारीचा प्रस्ताव. सण आला, निवडणूक आली की ठाण्यात बोलावणे. दर आठवड्याला सही. वाचकहो, ही सही म्हणजे काय आहे? फकिराच्या बापजाद्यांच्या पाठीमागे लागलेली तीच हजेरी! फरक एवढाच, की तेव्हा ती जन्माने लादली जात होती, आज आपली मुले मोबाईलच्या नादाने स्वतःचे नाव त्या वहीत लिहून घेत आहेत. आणि गरिबाच्या वस्तीतल्या मुलाचे नाव त्या वहीत जेवढ्या लवकर चढते, तेवढ्या लवकर बंगल्यातल्या मुलाचे चढत नाही, हे काय आम्ही वेगळे सांगायला हवे?

म्हणून आमची सूचना साधी आहे. मिरवणुकीला आमचा विरोध नाही, आनंद साजरा करावा. पण ज्या मंडळाला एका दिवसाच्या ध्वनिक्षेपकाचे भाडे परवडते, त्याला ‘फकिरा’च्या पन्नास प्रती जड नाहीत. १८ जुलै हा अण्णा भाऊंचा स्मृतिदिन, १ ऑगस्ट ही जयंती. मधले दोन आठवडे रोज संध्याकाळी अर्धा तास विहारात, समाजमंदिरात, तालमीत किंवा चौकातल्या कट्ट्यावर एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. ज्याला वाचता येत नाही अशा आजीलाही बोलवावे. दुष्काळाचे प्रकरण आले की तीच जास्त सांगेल. पॅपिलॉनही वाचावा, अँडीजची हकिकतही वाचावी, रेमार्कची ती जर्मन युद्धकादंबरीही वाचावी, जी नाझींनी १९३३ मध्ये जाळली. शाळेतल्या पोरांना देशभक्तीची भाषणे देऊन खंदकात मरायला कसे धाडले जाते, हे राज्यकर्त्यांना कोणी वाचलेले नको असते. चांगल्या साहसकथेला देशाची सीमा नसते.

प्रत्येक पुस्तक वाचून झाले की मुलांना ते तीन प्रश्न विचारावेत. संकट कोणी आणले? पळता येत होते का? मागे कोण राहिले? पहिल्या प्रश्नाने व्यवस्था कळते, दुसऱ्याने माणसाची हिंमत कळते आणि तिसऱ्याने त्याची किंमत कळते.

आपल्यातलेही अनेकजण आज सुटले आहेत. कोणी शिकून सुटला, कोणी नोकरीने सुटला, कोणी वस्ती सोडून बंगल्यात गेला. त्यात गैर काहीच नाही, सुटायलाच हवे. फक्त तिसरा प्रश्न आमच्यासह प्रत्येकाने स्वतःच्या दारावर लिहून ठेवावा. अँडीजचे दोन तरुण पर्वत ओलांडून गेले ते मागच्यांचा पत्ता खिशात घेऊन गेले. आपण गावकूस ओलांडून आलो तेव्हा मागच्यांचा पत्ता सोबत आणला आहे काय?